रद्दी देणं सोपं, रद्दीचा कागद घेणं अवघड

2023 च्या जुलैतली गोष्ट. एस. वाय. बी. कॉम.ची एक मुलगी काउंटरशी आली. तिच्या हातात पुस्तक नव्हतं, ताकाचा रिकामा टेट्रा पॅक होता. "मॅडम, हे ओल्यात की सुक्यात?" मी मान वर न करता "सुक्यात" म्हणून मोकळी झाले. ती गेली नाही. "पण आतून चांदीसारखं आहे. आणि सुक्यातलं पुढे कुठे जातं?"

मी म्हणाले, "विचारून सांगते."

पुण्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून मला तेवीस वर्षं झाली. या काळात 'विचारून सांगते' असं मी फारच कमी वेळा म्हटलं असेल. माहिती कुठे मिळेल ते सांगणं हीच तर माझी नोकरी. त्यामुळे तो टेट्रा पॅक मला जरा लागला, हे कबूल करते.

आमच्याकडे पुस्तकं ड्यूईच्या वर्गीकरणानं लावलेली आहेत. 363.728 खाली कचऱ्याची सामाजिक बाजू, 628.44 खाली त्याचं अभियांत्रिकी. दोन्हीकडची मिळून सहा पुस्तकं निघाली, त्यातली दोन कोणी उघडलेलीसुद्धा नव्हती. जपानमधल्या कामिकात्सु नावाच्या गावात लोक कचरा 45 प्रकारांत वेगळा करतात हे मला पंधरा मिनिटांत कळलं. आमच्या कॅन्टीनच्या मागे काय होतं हे कळायला तीन आठवडे लागले.

आधी कार्यालयात गेले. अधीक्षक म्हणाले, "नॅकच्या फाईलीत आहे की सगळं." खरंच होतं. नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था. तिच्या सातव्या निकषात तेव्हा 7.1.3 हा मुद्दा कचरा व्यवस्थापनाचाच होता आणि त्याला जिओटॅग फोटो जोडावे लागत. फाईलीत हिरव्या आणि निळ्या डब्यांचे सुंदर फोटो होते, खाली अक्षांश-रेखांश, दशांशचिन्हानंतर सहा सहा आकडे. मी फाईल घेऊन त्या जागेवर जाऊन उभी राहिले. अक्षांश बरोबर होते, रेखांश बरोबर होते, डबा नव्हता. निळा डबा गॅदरिंगच्या वेळी उचलला गेला होता आणि मुलांच्या वसतिगृहात पाणी भरून ठेवायला वापरला जात होता.

सफाईच्या ठेकेदाराच्या मुकादमाला विचारलं. "सगळं गाडीत जातं." कुठल्या गाडीत? "घंटागाडीत." ओलं-सुकं एकत्र? यावर त्यानं आकाशाकडे बघितलं. पर्यावरणशास्त्राच्या सरांनी 2016 च्या घनकचरा नियमांची प्रत दिली. दिवसाला 100 किलोंहून जास्त कचरा करणारी संस्था तेव्हाच्या त्या नियमांत 'मोठी कचरा उत्पादक' ठरत होती, तिनं कचरा जागेवरच वेगळा करायचा आणि सुका कचरा अधिकृत वेचक किंवा पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यायचा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. आम्ही दिवसाला किती किलो करतो? सरांनी खांदे उडवले. कोणी मोजलेलंच नव्हतं.

शेवटी वॉचमन म्हणाला, "मॅडम, तुम्ही उगाच फिरताय. मावशीला विचारा ना. सकाळी साडेसहाला येते."

तेवीस वर्षांत मी कधी साडेसहाला कॉलेजात आले नव्हते, म्हणून मला मावशी माहीत नव्हती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहानच असेल, पण सगळे मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणू लागले. ती मला ताई म्हणते. दोघींनाही यात काही वावगं वाटत नाही.

अंगात 'स्वच्छ'चा हिरवा कोट. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना पुण्यात 1993 साली उभी राहिली, आणि तिच्यातूनच 'स्वच्छ' ही वेचकांची सहकारी संस्था. 2008 पासून महापालिकेशी करार करून तिचे सभासद घरोघरचा कचरा गोळा करतात. घराकडून महिन्याला ठरावीक शुल्क घ्यायचं आणि विकण्याजोगं जे निघेल ते वेचकानं विकायचं, अशी रीत. यातलं बरंचसं मी वाचलेलं होतं. मावशी तिच्या शेडमध्ये बसून काय करते, ते मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

शेड म्हणजे कॅन्टीनच्या भिंतीला टेकवलेले चार पत्रे. ती एका उलट्या क्रेटवर बसते, समोर ढीग, भोवती पाच-सहा पोती. पहिल्या दिवशी मी वही घेऊन गेले होते. ती बंदच ठेवावी लागली, कारण हातांचा वेग लिहिण्यासारखा नव्हता. पाण्याची बाटली आली की एका हातानं बूच पिरगाळायचं, दुसऱ्यानं बाटली दाबून चपटी करायची. बाटली एका पोत्यात, बूच दुसऱ्यात. "बूच वेगळं कशाला?" "त्याची जात वेगळी ताई." बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात 1 असतो, तो पेट. बूच असतं 2 किंवा 5 क्रमांकाच्या प्लास्टिकचं. मावशीला आकडे वाचता येत नाहीत. तिनं एक वापरून फेकलेलं बॉलपेन उचललं आणि दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून वाकवलं. कट्! मोडलं. "हे कडक." मग शाम्पूची बाटली दाबून दाखवली, दबली आणि परत फुगली. "हा फुगा." कडकचं पोतं वेगळं, फुग्याचं वेगळं, भाव वेगळा. ॲल्युमिनियम तिच्या भाषेत 'जर्मन', ओतीव लोखंड 'बीड'.

कागदाचे चार प्रकार. पेपर म्हणजे वर्तमानपत्र. पांढरा म्हणजे झेरॉक्स आणि वह्यांची पानं. कलर म्हणजे मासिकं, जाहिराती, रंगीत छपाई. आणि पुठ्ठा. सगळ्यात चांगला भाव पांढऱ्याला, पण तो कोरडा आणि स्वच्छ असेल तरच. "वडापावचं तेल लागलं की कागद मेला." मला ते वाक्य फार आवडलं. नंतर कळलं की कारखान्याची भाषाही फार वेगळी नाही. तेल धाग्यांत शिरलं की ते धुतल्यानं निघत नाही, लगद्यात डाग राहतात.

मग मी चहाचा कागदी कप पुढे केला. आमच्या कॅन्टीननं प्लास्टिकबंदीनंतर मोठ्या अभिमानानं आणलेला, 'इको' लिहिलेला. मावशीनं कपाची कड नखानं उचकटली आणि आतून पातळ पापुद्रा हळूच सोलून काढला, दुधावरची साय काढावी तसा. तो पापुद्रा माझ्या तळहातावर ठेवला. प्लास्टिक. "कागदाचा म्हणून कोण घेईना, प्लास्टिकचा म्हणून कोण घेईना. सगळा गाडीत." दिवसाला किती कप? तिनं शेजारच्या ढिगाकडे हात केला. तो ढीग मी इतका वेळ पुठ्ठ्याचा समजत होते.

आणि टेट्रा पॅक? कागद, पॉलिथिन आणि ॲल्युमिनियम, तिन्ही एकमेकांना चिकटलेले. त्याचे पत्रे आणि बोर्ड बनवणारे कारखाने आहेत. मावशीचा दुकानदार कधी घेतो, कधी नाही. "कापून, धुऊन, चपटं करून दिलं तर ठेवते साठवून. आंबलेलं दिलं तर माश्या होतात." मुलीला द्यायचं उत्तर मला मिळालं होतं: सुक्यात, पण धुऊन.

निघताना तिनंच एक प्रश्न विचारला. "ताई, तुमच्या लायब्ररीतले पेपर कुठं जातात?" आम्ही चौदा वर्तमानपत्रं घेतो. त्यांची रद्दी वर्षातून दोनदा, तीन दरपत्रकं मागवून, सगळ्यात जास्त भाव देणाऱ्याला विकली जाते. तो टेम्पो घेऊन येतो. तेल लागलेले कागद मावशीकडे आणि कोरी करकरीत रद्दी टेम्पोत, ही व्यवस्था दरवर्षी मीच सही करून मंजूर करत होते. मी काही बोलले नाही. तीही काही बोलली नाही, पोत्याचं तोंड बांधू लागली.

रद्दीचं पुढे काय होतं, हे आख्ख्या कॉलेजात एकाच माणसानं डोळ्यांनी पाहिलेलं निघालं. परीक्षा विभागातले शिपाईमामा. जुन्या उत्तरपत्रिका मुदत संपली की नष्ट कराव्या लागतात. त्या बाजारात जाऊन त्यात कोणी भेळ बांधू नये, म्हणून मामांना ट्रकबरोबर पाठवतात. लगदा होईपर्यंत थांबायचं आणि गिरणीची पावती घेऊन यायचं. मामा दोनदा वापीला जाऊन आलेत. "मॅडम, केवढा मोठा मिक्सर! आपली घरं मावतील. गठ्ठेच्या गठ्ठे टाकतात, वरून पाणी, आणि घुसळतात. सुतळ्या, तारा, प्लास्टिक सगळं गुंडाळून त्याची वेणी होते आणि ती वेणी बाहेर ओढत राहतात, मनगटापेक्षा जाड." मी उगाच वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले होते की पिना काढून मगच कागद टाका. पिना निघतात. निघत नाही तो चिकटपणा, म्हणजे पुस्तकांच्या बांधणीचा गोंद आणि स्टिकर.

"मग पांढरा कागद निघतो का हो परत?" मामा हसले. "कुठला पांढरा? टी. वाय.चे पेपर गेले आणि खोक्याचा खाकी कागद आला."

इथे मला पहिल्यांदा नीट उमगलं की दिलेलं आणि परत मिळालेलं एकच नसतं. पांढऱ्याचा परत पांढरा करायचा तर शाई काढायला हवी. त्यासाठी साबणासारखी रसायनं घालून हवा सोडतात, शाई फेसाबरोबर वर येते, ती काढून टाकायची. हा खर्च खोक्याच्या कागदाला लागत नाही. शिवाय दर फेरीत कागदाचे धागे आखूड होत जातात, पाच-सात फेऱ्यांनंतर ते धरून ठेवण्याजोगे उरत नाहीत. म्हणून आमचा पांढरा बहुधा खाकी होतो, आणि झेरॉक्सचा कागद आम्ही नवा विकत घेतो.

ई-कचऱ्याचं थोडक्यात सांगते, कारण त्यात नियम स्पष्ट आहेत आणि गंमत कमी आहे. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे जुने संगणक नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांच्याकडेच द्यावे लागतात. आमच्याकडचे काचेच्या नळीचे अकरा मॉनिटर डेड स्टॉक रजिस्टरमध्ये अजून 'चालू' होते. जुनं सामान नोंदीतून काढणाऱ्या निर्लेखन समितीची सभा व्हायलाच सात महिने गेले. तोवर ते मॉनिटर जिन्याखाली एकमेकांकडे तोंड करून बसले होते.

गंमत खरेदीत आली.

समितीत प्राचार्य म्हणाले, "नुसतं देतोच आहोत, घेऊही या. कार्यालयाचा कागद रीसायकल्ड आणा." मी माहिती विचारत फिरत होते ना, मग खरेदीही माझ्याच गळ्यात. टिपणी लिहिली, मंजूर झाली, तीन दरपत्रकं मागवली.

पहिल्या दरपत्रकात मोठ्या अक्षरांत 'वुड-फ्री' होतं. समितीतल्या दोघांनी लगेच माना डोलावल्या: लाकूडच नाही, म्हणजे झाड वाचलं! माझीही सही होत आली होती. मग एका जुन्या बाइंडिंगवाल्यानं समजावलं की कागदाच्या धंद्यात 'वुड-फ्री' म्हणजे लाकडातलं लिग्निन रसायनांनी काढून टाकलेला कागद. लिग्निन राहिलं की कागद वर्तमानपत्रासारखा पिवळा पडतो. कागद लाकडाचाच, चांगल्या प्रतीचा, बहुतेक वेळा नव्या लाकडाचा. आम्ही रद्दीच्या नावाखाली नवं झाड घेणार होतो.

दुसऱ्याचा कागद उसाच्या चिपाडाचा. चांगला कागद, शेतीतला उरलेला माल वापरलेला, नावं ठेवायला जागा नाही. पण तो वापरून फेकलेल्या कागदाचा नव्हे. हे मी विक्रेत्या मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, एकच की. दोन्ही इको-फ्रेंडली." त्याच्या कंपनीच्या पत्रकात दोन्ही एकाच हिरव्या पानाखाली छापलेले होते, त्यामुळे त्याला तरी काय बोलणार.

तिसऱ्याच्या रीमवर, म्हणजे 500 कागदांच्या गठ्ठ्यावर, पुनर्वापराचं ते तीन बाणांचं चिन्ह होतं. त्या चिन्हाची मला विशेष आपुलकी आहे, कारण ते एका विद्यार्थ्यानं काढलेलं आहे. 1970 साली अमेरिकेत, पहिल्या वसुंधरा दिनाच्या सुमारास, खोकी बनवणाऱ्या एका कंपनीनं स्पर्धा घेतली. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातला गॅरी अँडरसन नावाचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी ती जिंकला. त्या चिन्हाचे आता इतके अर्थ झालेत की ते बघून काहीच कळत नाही. बाणांच्या मध्ये टक्के लिहिले असतील तर तेवढा भाग वापरलेल्या मालाचा. टक्के नसतील तर अर्थ एवढाच असू शकतो की 'ही वस्तू पुन्हा वापरात आणता येईल', आणि तसं तर कुठल्याही कागदाबद्दल म्हणता येतं. प्लास्टिकवर बाणांत आकडा असेल तर तो नुसता प्लास्टिकची जात सांगतो. मी भिंग घेतलं (ग्रंथालयात असतंच) आणि रीमवरची बारीक ओळ वाचली. ते चिन्ह रीमच्या वेष्टनावर होतं आणि वेष्टनाबद्दलच होतं.

तिन्ही दरपत्रकं बाद. लेखापालांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांच्या मुलीचं स्थळ मोडलंय.

मग एका शनिवारी मीच अप्पा बळवंत चौकात गेले. पाच दुकानं फिरले. प्रत्येकाला एकच प्रश्न: यात लोकांनी वापरून टाकलेल्या कागदाचा भाग किती आणि छापखान्यातल्या कतरणीचा किती? दोन्हीला रीसायकल्ड म्हणतात, पण कतरण कधी कोणाच्या हातात पडलेलीच नसते, ती आधीही गिरणीत परत जातच होती. चौथ्या दुकानातले काका, वय सत्तरीपुढचं, गल्ल्यावरून उठलेही नाहीत. "ताई, तुम्हाला कागद हवाय की कागदाची गोष्ट हवीय?" मी म्हटलं, "दोन्ही." त्यांनी पोराला वरच्या मजल्यावर पाठवलं. एक धुळकट रीम खाली आली. वेष्टनावर 'एफएससी रीसायकल्ड' असं लिहिलेलं आणि खाली परवाना क्रमांक. एफएससी म्हणजे जंगलं नीट राखून काढलेल्या मालाला शिक्का देणारी संस्था. या शिक्क्याच्या तीन जाती आहेत. 'मिक्स' असेल तर मिसळलेला, '100%' असेल तर प्रमाणित जंगलातल्या नव्या लाकडाचा, आणि 'रीसायकल्ड' असेल तर पूर्ण पुनर्वापराच्या मालाचा. '100%' दिसलं की माणूस फसतो.

भाव विचारला. आमच्या नेहमीच्या रीमपेक्षा 35 रुपये जास्त. "वापरलेल्या कागदाचा, आणि महाग?" काका म्हणाले, "जुन्या साडीची गोधडी शिवून घ्या, बघा नव्या चादरीपेक्षा स्वस्त पडते का."

दोन रीम घेऊन आले. आता परीक्षा झेरॉक्सवाल्याची. तो आमच्या तळमजल्यावर बसतो, त्याच्या मशीनवर त्याचा जीव. "हा कागद पावसाळ्यात घाम घेतो मॅडम. अडकणार. भुकटी पडून ड्रम जाणार." म्हटलं, मोजू. एक रीम नेहमीचा, एक हा, दोन्ही ऑगस्टच्या त्याच दिवशी फोडलेले. 500 पानांत नेहमीचा दोनदा अडकला, हा तीनदा. मग दोन्हीचे उघडे गठ्ठे रात्रभर ट्रेमध्ये न ठेवता कपाटात ठेवून पाहिले. दोन्ही एकेकदाच अडकले. "म्हणजे पाऊसच," तो म्हणाला, तेही मनाविरुद्ध. भुकटीबद्दल मात्र तो थोडा बरोबर होता. आखूड धाग्यांमुळे ती पडते. आता तो दर सोमवारी ब्रश मारतो आणि मला दिसेल असा मारतो.

रंग किंचित करडा. मराठी विभागप्रमुखांनी पहिली नोटीस हातात घेऊन विचारलं, "हे आधीच कोणी वाचलंय का?"

सगळा कागद बदलता आला नाही. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका आमच्या हातात नाहीत. महिन्याला 40 रीम लागतात, त्यातल्या 10 ची मंजुरी मिळाली: अंतर्गत परीक्षा, नोटिसा, कच्च्या प्रती. बाकीच्या रीमचा खर्च दोन्ही बाजूंनी छापून थोडा कमी केला. एक हिशोब मी स्वतःच्या हौसेनं केला. ए-4 आकाराच्या 75 जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला 75 ग्रॅम भरणाऱ्या) रीमचं वजन 2 किलो 340 ग्रॅमच्या आसपास येतं. म्हणजे महिन्याला साधारण 94 किलो कागद फाटकातून आत येतो. मावशीच्या ताणकाट्यावर एक महिना पांढरा कागद तोलला, तो भरला 31 किलो. उरलेला? थोडा मुलांच्या घरी गेला असेल. बाकीचा आमच्या फायलींत झोपला आहे.

प्रमाणपत्रांसाठी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत गेले. 1940 साली के. बी. जोशींनी सुरू केलेली ही संस्था सुती कापडाच्या कतरणीपासून कागद करते. बनियनच्या कारखान्यातल्या पांढऱ्या चिंध्या पाण्यात कुटून लगदा करायचा, जाळीच्या चौकटीवर तो उचलायचा, दाबायचा, वाळवायचा. हा कागद हातात घेतला की माणूस आवाज खाली आणून बोलतो. मी वक्तृत्व स्पर्धेसाठी 120 पानं घेतली. लेझर प्रिंटरनं त्यातलं पहिलंच पान आत ओढलं आणि दिलंच नाही. शेवटी चित्रकलेच्या सरांनी दोन मुलांना बसवून नावं बोरूनं लिहून घेतली. यंदा बक्षीस मिळालेल्या एका मुलीच्या आईनं विचारलं की लग्नपत्रिका अशा करून मिळतील का.

आणि सगळ्यात मोठा शोध लागला तो दिवाळीआधी, मासिकांचे अंक बांधायला आमचे बाइंडरकाका आले तेव्हा. मी त्यांना माझी सगळी वणवण ऐकवत होते. ते करडा पुठ्ठा मापानं कापत होते. "मॅडम, हा कशाचा असतो माहितेय?" ग्रे बोर्ड. पूर्णपणे रद्दीचा. शाई न काढता लगदा करतात, म्हणून तर करडा. "तीस वर्षं आपण रद्दीतच पुस्तकं बांधतोय." मी उठून कार्यालयात गेले आणि नव्या नजरेनं बघू लागले. बॉक्स फाईल: आत तोच पुठ्ठा. खडूचं खोकं: तेच. टेपच्या रिळाचं नळकांडं: तेच. आणि नव्या लाकडाच्या झेरॉक्स कागदाच्या रीम ज्या खाकी खोक्यातून येतात, ते खोकंही रद्दीचं. कदाचित आमच्याच टी. वाय.च्या उत्तरपत्रिकांचं. पुनर्वापराचा माल आम्ही कॉलेज सुरू झाल्यापासून विकत घेत होतो, फक्त त्यावर हिरवं पान छापलेलं नव्हतं आणि त्यासाठी 35 रुपये जास्त द्यावे लागत नव्हते.

ही यादी मी उत्साहानं समितीपुढे ठेवली. अधीक्षक म्हणाले, "म्हणजे आपण आधीपासूनच करत होतो? मग नॅकमध्ये मागच्या तारखेपासून टाकू." ते मी टाळलं.

लेखापरीक्षकांचा आक्षेप मार्चमध्ये आला: कमी दराचा कागद उपलब्ध असताना जादा दराचा कागद घेण्याचे प्रयोजन स्पष्ट करावे. मी दोन पानी उत्तर लिहिलं, त्याच करड्या कागदावर. जावक क्रमांक पडलाय. पुढे काही आलेलं नाही.

वर्तमानपत्रांच्या रद्दीचं अजून अर्धवट आहे. मोठी रद्दी दरपत्रकानंच जाते, नियम तसा आहे आणि तो मोडायचा माझा अधिकार नाही. पण विभागांतला सुटा पांढरा कागद आता कोरडा, वेगळ्या पोत्यातून मावशीच्या शेडला जातो. शेडला चौथी भिंत आणि कुलूप मिळालं. चहाचे कप थांबलेले नाहीत. कॅन्टीनवाल्यानं काचेचे ग्लास आणले होते, एका महिन्यात चाळीस फुटले. स्टीलचे आणतो म्हणालाय.

ग्रंथालयाबाहेर माहितीचा फलक मात्र लावला. आधी मी व्यवस्थित तक्ता टाइप केला होता: वस्तू, प्रकार, कुठे टाकावी. मावशी तो बघून म्हणाली, "मला कसं कळायचं तुम्ही काय लिहिलंय ते? वस्तूच चिकटवा की." मग आम्ही दोघींनी एका दुपारी ग्रे बोर्डावर खऱ्या वस्तू चिकटवल्या. चपटी बाटली, बूच, धुतलेली दुधाची पिशवी, पापुद्रा अर्धा सोललेला चहाचा कप, पुठ्ठा, तेल लागलेला कागद आणि त्यावर लाल फुली. मधोमध ताकाचा टेट्रा पॅक, कापून उघडा केलेला, चांदी वर. ती मुलगी पुढच्या वर्षी टी. वाय.ला गेली. येता-जाता त्या पॅककडे बोट दाखवायची आणि मैत्रिणींना सांगायची की हा माझा.

'कडक'च्या नमुन्याला लावलेलं बॉलपेन पहिल्या आठवड्यात दोनदा चोरीला गेलं. आता मोडलेलं लावतो.